बरणीतला पहिला निर्णय



या व्याख्यानमालेत कर्करोगावर बोललं गेलं, क्षयरोगावर बोललं गेलं, अवयवदानावरही बोललं गेलं. आजचा माझा विषय एका बरणीत मावतो. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा कोणत्या द्रावणात ठेवायचा, एवढाच तो विषय. आयोजकांना मी हे कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, यात सर्वसामान्य श्रोत्यांसाठी काय? मी म्हटलं, त्या बरणीतला तुकडा सर्वसामान्य श्रोत्यांचाच तर असतो.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हे पाहिलं असेल. ऑपरेशन संपतं. थिएटरचं दार अर्धवट उघडतं आणि आतून प्रश्न येतो, "पेशंटबरोबर कोण आहे? हे तपासायला न्यायचंय." एक डबी हातात पडते. आत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात बुडालेला तुकडा. ती डबी घेऊन कोणी रिक्षात बसतं, कोणी एसटीत. काही दिवसांनी रिपोर्ट येतो आणि सगळं घर त्यातल्या दोन ओळींवर डोळे लावून बसतं. त्या दोन ओळी आम्ही पॅथॉलॉजिस्ट लिहितो. पण आम्हाला काय दिसणार आणि काय कधीच दिसणार नाही, याचा बराचसा फैसला त्या डबीतल्या द्रावणाने आधीच केलेला असतो. मला आज एवढंच पटवून द्यायचं आहे, की द्रावणाची निवड हा निदानाचाच भाग आहे, आणि तो माघारी न येणारा भाग आहे. छेद वाकडा कापला गेला तर दुसरा कापता येतो. रंग चुकला तर पुन्हा रंगवता येतं. शंका आली तर मुंबईला स्लाइड पाठवून दुसरं मत घेता येतं. चुकीच्या द्रावणात गेलेला तुकडा मात्र पुन्हा ताजा होत नाही.

मुळात तो बुडवायचा कशासाठी? तुकडा शरीरातून सुटला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, पण पेशींमधली एन्झाइम काही लगेच थांबत नाहीत. ती स्वतःच्याच पेशीला आतून पचवू लागतात. बाहेरून जंतू कामाला लागतात ते वेगळंच. स्वादुपिंड आणि आतड्याचं अस्तर फार लवकर विरघळू लागतं. त्वचा बराच वेळ तग धरते. विदर्भात मे महिन्यात, पंखासुद्धा गरम हवा फेकत असताना, हे किती झपाट्याने होत असेल याची कल्पना करा. या द्रावणाचं, म्हणजे फिक्सेटिव्हचं, पहिलं काम म्हणजे ही पडझड जिथल्या तिथे थांबवणं. दुसरं काम, ऊतीला एवढा कणखरपणा देणं की पुढे तिला मेणात बसवून तीन-चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी तीन-चार भागांएवढा पातळ छेद घेता यावा. आणि तिसरं, रंग नीट चढावेत अशी तिची अवस्था ठेवणं. तीन कामं, आणि तिन्ही एकाच वेळी उत्तम करणारं द्रावण आजवर कोणालाही सापडलेलं नाही. म्हणून तर निवड करावी लागते.

शेकडो वर्षं माणसाकडे यासाठी एकच हुकमी वस्तू होती, ती म्हणजे मद्यार्क. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने प्राणी आणि अवयव मद्यार्कात टिकवून दाखवले आणि संग्रहालयांतल्या बरण्या मद्यार्काने भरू लागल्या. मद्यार्क ऊतीतलं पाणी ओढून घेतो आणि प्रथिनं गोठवतो, उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग गोठतो तसं. काम होतं, पण तुकडा आकसतो, कडक होतो, पेशींची ठेवण बिघडते. एकोणिसाव्या शतकात मग क्रोमियमचे क्षार आले, पाऱ्याचे क्षार आले, ऑस्मियम आलं, पिक्रिक आम्ल आलं. प्रत्येक प्रयोगशाळेची आपली एक कृती होती आणि तिच्यावर तिची श्रद्धा होती.

मग 1893 साल उजाडलं. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये फर्डिनांड ब्लूम नावाचा एक तरुण डॉक्टर फॉर्मेलिन हे नवं रसायन जंतुनाशक म्हणून कसं आहे, हे तपासत होता. जंतू मारणं एवढाच हेतू. काम करता करता त्याच्या लक्षात आलं, की या द्रावणाने आपल्याच बोटांची कातडी टणक होते आहे, मद्यार्कात ठेवलेल्या ऊतीसारखी. हातमोजे न घालता काम करणाऱ्या किती जणांच्या बोटांना तसं झालं असेल! पण ब्लूमने त्यावर विचार केला. कातडी अशी होत असेल, तर यकृत कसं होईल? मूत्रपिंड कसं होईल? त्याने प्रयोग केले, निष्कर्ष छापले, आणि थोड्याच वर्षांत फॉर्मेलिन जगभर पोचलं. आज तुमच्या हातात येणाऱ्या डबीत जे असतं, किंवा असायला हवं, ते हेच. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, त्याची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली नाही.

का घेतली नसेल? स्वस्त आहे, हे खरं. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. फॉर्मेलिन सोशिक आहे. मद्यार्कात तुकडा जास्त दिवस राहिला तर दगडासारखा होतो, पाऱ्याच्या द्रावणात जास्त तास राहिला तर ठिसूळ होतो, फॉर्मेलिन मात्र दोन दिवसांची दिरंगाईही बरीचशी पोटात घालतं. सुट्टी आली, कुरिअर चुकलं, लाइट गेली, तरी साध्या तपासणीपुरती ऊती वाचते. आपल्यासारख्या देशात, जिथे तालुक्याच्या गावी काढलेला तुकडा जिल्ह्याच्या गावी पोचायलाच दिवस जातो, तिथे या सोशिकपणाचं मोल मोठं आहे.

पण या सोशिकपणानेच आपल्याला बेफिकीर केलं आहे. "फॉर्मेलिनमध्ये टाका" हे वाक्य थिएटरमध्ये इतक्या सवयीने उच्चारलं जातं की त्यामागे काही निवड आहे हेच विसरलं गेलं आहे. म्हणून फॉर्मेलिन आत नेमकं काय करतं, ते थोडं खोलात जाऊन सांगते. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी इथे विशेष लक्ष द्यावं.

बाजारात फॉर्मेलिन म्हणून जी बाटली मिळते तिच्यात 37 ते 40 टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. तिचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिसळले की आपलं नेहमीचं दहा टक्के फॉर्मेलिन होतं. म्हणजे त्यात फॉर्माल्डिहाइड असतं सुमारे चार टक्के. हा हिशेब न कळल्यामुळे दोन्ही बाजूंनी गडबड होते. कोणी आधीच पातळ केलेल्या द्रावणात पुन्हा पाणी घालतं. कोणी "जास्त चांगलं टिकेल" म्हणून बाटलीतलं तसंच ओततं. मग तुकड्याची बाहेरची साल पटकन कडक होते आणि आतला भाग सडायला मोकळा राहतो.

फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये छोटे छोटे रासायनिक पूल बांधतं. मद्यार्क प्रथिनं गोठवतो, हे त्यांना जागच्या जागी एकमेकांशी जोडतं. म्हणून पेशीची ठेवण जिवंतपणी होती तिच्या बरीच जवळ राहते. पण या कामाला दोन वेगवेगळे वेग आहेत आणि सगळी गफलत तिथे होते. द्रावण ऊतीत शिरतं त्या मानाने भराभर, सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर. पूल बांधण्याचं काम मात्र सावकाश चालतं. ते नीट पुरं व्हायला चोवीस तासांच्या आसपास लागतात. आणि आत शिरण्याचा वेगही पुढे मंदावत जातो. पीटर मेडावर, ज्यांना पुढे 1960 साली प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यांनी 1941 साली फिक्सेटिव्ह किती खोल आणि किती वेळात जातं याचा अभ्यास केला होता. खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सोप्या भाषेत, दुप्पट खोल जायचं तर चौपट वेळ द्या.

आता हे गणित एका अख्ख्या काढलेल्या स्तनाला लावून बघा. दहा-बारा सेंटिमीटरचा अवयव, न कापता, छोट्या बरणीत कोंबलेला, वर चार बोटं फॉर्मेलिन. मध्यभागी असलेल्या गाठीपर्यंत ते पोचणार कधी? द्रावण तुकड्याच्या दहा ते वीस पट हवं, हे आम्ही ओरडून सांगतो ते यासाठी. अवयव मोठा असेल तर तो एकेक सेंटिमीटरहून पातळ कापांत उघडून मगच बुडवायला हवा. आणि बरणी रुंद तोंडाचीच हवी. मऊ असताना अरुंद तोंडातून आत ढकललेला तुकडा कडक झाल्यावर बाहेर येत नाही. मग तो ओढून, फाडून काढावा लागतो. पाहायचं असतं तेच त्यात फाटतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. फॉर्मेलिन ठेवून ठेवून त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं. हे आम्लयुक्त फॉर्मेलिन रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून तपकिरी-काळे कण तयार करतं. प्लीहेत, यकृतात, जिथे रक्त जास्त तिथे हे कण जास्त. आणि हे कण कशासारखे दिसतात? मलेरियाच्या कणांसारखे! ज्या देशात मलेरिया आहे त्या देशात फडताळातल्या जुन्या फॉर्मेलिनने मलेरियाचा आभास उभा करावा, ही काही लहान गोष्ट नाही. हे कण पिक्रिक आम्लाच्या मद्यार्कातल्या द्रावणाने धुऊन काढता येतात, पण मुळात ते होऊच द्यायचे नसतील तर उपाय स्वस्त आहे. एक लिटर दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये चार ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि साडेसहा ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. झालं बफर्ड फॉर्मेलिन. ज्या रुग्णालयाने लाखो रुपयांची उपकरणं घेतली आहेत, त्याला हे दोन क्षार जड होत असतील असं मला वाटत नाही. तिथे कमी पडतं ते फक्त लक्ष.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर असं. फॉर्मेलिन हे बहुतेक वेळा योग्य उत्तर आहे, पण ते योग्य प्रमाणात, बफर घालून, भरपूर, आणि पातळ कापांवर हवं. आता मी त्या वेळांकडे वळते, जेव्हा ते योग्य उत्तर नसतं. माझ्या मनात सगळ्यात जास्त खदखद याच भागाबद्दल आहे.

मानेतल्या गाठीपासूनच सुरुवात करू. विशीतली मुलगी, मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. गाठ काढली जाते, अख्खी फॉर्मेलिनमध्ये टाकली जाते, आमच्याकडे येते. आम्ही स्लाइड पाहतो, क्षयासारखी रचना दिसते, आम्ही तसं लिहितो. उपचार सुरू होतात. तीन महिन्यांनी गाठी वाढलेल्याच. आता डॉक्टरांना प्रश्न पडतो, जंतू औषधाला दाद देत नाही का? हा क्षयाचाच जंतू आहे की त्याच्या कुळातला दुसरा? की एखादी बुरशी? या प्रश्नांचं भरवशाचं उत्तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यात, मिळतं. आणि कल्चर कोणाचं करणार? फॉर्मेलिनने ते जंतू त्या पहिल्याच दिवशी मारून टाकलेले असतात. क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या सीबीनॅटसारख्या चाचणीलाही अशा ऊतीवर ताज्या ऊतीइतकी खात्री राहत नाही. मग त्या मुलीला पुन्हा भूल, पुन्हा सुरी, पुन्हा टाके. अशा बरण्या मी पाहिल्या आहेत आणि अशा मुलींशी बोलले आहे. काय हवं होतं त्या दिवशी? गाठीचा एक छोटा भाग वेगळा कापून निर्जंतुक सलाइनमध्ये. बाकी सगळी गाठ फॉर्मेलिनमध्ये. दोन डब्या. खर्च नाही, वेळ नाही. औषधांना न जुमानणारा क्षय ज्या राज्याच्या राजधानीत घरोघरी ठाऊक आहे, त्या राज्यात मानेतली गाठ एकाच डबीत जाते, हे मला सहन होत नाही.

मूत्रपिंडाच्या बायोप्सीत सुईने काढलेला धाग्याएवढा तुकडा असतो, आणि त्याच्या तीन वाटण्या कराव्या लागतात. साध्या मायक्रोस्कोपसाठी फॉर्मेलिन. प्रतिदीप्ती तपासणीसाठी सलाइन किंवा मिशेलचं माध्यम. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी ग्लुटराल्डिहाइड. आयजीए नेफ्रोपॅथीसारखा आजार त्या दुसऱ्या वाटणीशिवाय नक्की सांगताच येत नाही. सगळंच फॉर्मेलिनमध्ये आलं तर नेफ्रॉलॉजिस्टच्या हाती अर्धं उत्तर पडतं. स्नायूच्या बायोप्सीला तर फिक्सेटिव्हच नको. सलाइनने जेमतेम ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, बर्फावर, धावत आणायची आणि अतिशीत आयसोपेंटेनमध्ये गोठवायची. गाउटच्या गाठीतले युरेटचे स्फटिक फॉर्मेलिनमधल्या पाण्यात विरघळून जातात; त्यांना शुद्ध मद्यार्क हवा. गर्भाशयमुखाच्या पॅप स्मिअरला 95 टक्के मद्यार्क, आणि तोही स्मिअर ओला असतानाच. अंडकोषाच्या बायोप्सीसाठी बुवँचं द्रावण फार सुंदर, पेशींच्या केंद्रकातली एकेक रेघ स्वच्छ दिसते. पण ते सौंदर्य डीएनएची किंमत मोजून मिळतं.

डीएनएचा विषय निघालाच आहे, तर दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्लूमच्या किंवा बुवँच्या मनातही नसेल असं काम त्यांच्या द्रावणांनी केलेलं आहे.

पहिली गोष्ट 1918ची. त्या वर्षी इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि तिथून देशभर पसरला. भारतात एक कोटीहून अधिक माणसं गेली. तो विषाणू कसा होता हे तेव्हा कोणालाच कळलं नाही. माणसाचा इन्फ्लुएन्झा विषाणू हाती लागला तो 1933 साली. पण 1918च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधल्या लष्करी छावणीत एकवीस वर्षांचा एक सैनिक या तापाने मेला आणि त्याच्या फुप्फुसाचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून, मेणात बसवून वॉशिंग्टनच्या लष्करी संग्रहात ठेवला गेला. जवळपास ऐंशी वर्षं तो तिथे पडून होता. जेफरी टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून विषाणूच्या जनुकांचे बारीक बारीक तुकडे बाहेर काढले आणि 1997 साली ते प्रसिद्ध केले. 2005पर्यंत पूर्ण जनुकीय आराखडा हाती आला. ज्याने त्या छावणीत ती बरणी भरली, त्याला जनुक कशाचं बनलेलं असतं हेही ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्याने फक्त आपलं काम नीट केलं.

दुसरी गोष्ट 1960ची. आफ्रिकेत, आज ज्याला किन्शासा म्हणतात त्या शहरात, एका स्त्रीची लसिकाग्रंथी काढली गेली आणि बुवँच्या द्रावणात ठेवली गेली. 2008 साली मायकेल वोरोबी यांच्या गटाने त्या मेणाच्या ठोकळ्यातून एचआयव्हीचे अंश मिळवले. त्यांची तुलना 1959च्या एका रक्तनमुन्याशी केल्यावर दिसलं, की हा विषाणू माणसात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास आलेला असावा. पण बुवँने डीएनए आणि आरएनए इतकं तोडलेलं होतं की हाती आले ते अगदी तोकडे तुकडे. एकाच कामासाठी ठेवलेली ऊती, पण द्रावण वेगळं म्हणून पुढच्या पिढ्यांना ती किती सांगणार हेही वेगळं.

आपल्याकडेही हे भान असलेली माणसं होऊन गेली. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी टाटा मेमोरिअलच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. 1945 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाईंनी लोकांच्या सवयींशी जोडलेले कर्करोग मांडले. त्यात कमरेवर धोतर घट्ट कसून बांधल्याने त्या जागच्या त्वचेत होणारा कर्करोग होता, तंबाखूच्या वेगवेगळ्या प्रकारांनी तोंडाच्या वेगवेगळ्या भागांत होणारे कर्करोग होते. हे ज्ञान परदेशी पुस्तकातून येणार नव्हतं. ते इथल्या माणसांच्या ऊतींत होतं, आणि त्या ऊती नीट राखल्या गेल्या म्हणून ते वाचता आलं.

आता वेळेबद्दल. स्तनाच्या कर्करोगात आज आम्ही "कर्करोग आहे" एवढं लिहून थांबत नाही. त्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक आहेत का, प्रोजेस्टेरॉनचे आहेत का, हर-टू आहे का, हे पाहतो, कारण औषध त्यावर ठरतं. या तपासण्यांसाठी जगभर मान्य झालेले नियम सोपे आहेत. तुकडा काढल्यापासून फॉर्मेलिनमध्ये जाईपर्यंत एक तासाहून जास्त वेळ जाऊ नये. आणि फॉर्मेलिनमध्ये तो किमान 6 तास, जास्तीत जास्त 72 तास राहावा. कमी राहिला तर पूल अर्धवट, जास्त राहिला तर इतके दाट की हे ग्राहक शोधायला आम्ही वापरतो ती प्रतिपिंडं आत पोचत नाहीत.

यात एक मोठी सुटका 1991 साली झाली. शान-रोंग शी या संशोधकाने 1940च्या दशकातले जुने रसायनशास्त्रातले लेख वाचले. त्यांत म्हटलं होतं की फॉर्माल्डिहाइडने बांधलेले हे बंध जास्त उष्णतेने सुटू शकतात. त्याने स्लाइड द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये उकळल्या, आणि दडलेली प्रथिनं पुन्हा दिसू लागली. आज प्रत्येक प्रयोगशाळेत हे रोज होतं. पण उष्णता फक्त झाकलेलं उघडते. जे थिएटरमधल्या टेबलावर तीन तास पडून कुजलं, ते ती परत आणत नाही.

मग काय होतं? शनिवारी दुपारी ऑपरेशन होतं. अवयव न कापता बरणीत जातो. रविवार सुट्टी. सोमवारी कुरिअर. मंगळवारी आमच्यासमोर बाहेरून कडक, आतून लिबलिबीत गोळा. फॉर्मवर ऑपरेशनची तारीख असते, वेळ नसते. आम्ही तपासणी करतो आणि इस्ट्रोजेनचे ग्राहक दिसत नाहीत. खरंच नाहीत, की मेले? कोणी सांगायचं? आणि या "नाही"चा अर्थ काय, तर त्या बाईला टॅमॉक्सिफेन मिळणार नाही. टॅमॉक्सिफेन ही स्वस्त गोळी आहे, शेतमजूर कुटुंबालाही परवडणारी, आणि ज्यांना लागू पडते त्यांचं आयुष्य वाढवणारी. ती एका बरणीपायी हुकते. फुप्फुसाच्या कर्करोगातही आता जनुकीय बदल पाहून औषध ठरतं. तिथे तर फॉर्मेलिन स्वतःच डीएनएमधली काही अक्षरं बदलून खोटे बदल दाखवू शकतं, आणि हाडाचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर वाचायला काही उरतच नाही. हाड असेल तर ईडीटीए वापरा, वेळ लागू द्या.

आता जे लोक ही द्रावणं रोज हाताळतात, त्यांच्याबद्दल. या सभागृहात तंत्रज्ञ आहेत, त्यांना ठाऊक आहे की ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेले तुकडे पाहून कापण्याच्या, टेबलापाशी डोळे कसे चुरचुरतात. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं; नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसला आणि पुढे रक्ताच्या कर्करोगाशीही. पाऱ्याची झेंकर, बी-फाइव्ह यांसारखी द्रावणं केंद्रकं सुरेख दाखवत, पण पारा गटारात जातो म्हणून ती मागे पडली, आणि ते बरंच झालं. पिक्रिक आम्ल सुकलं तर स्फोटक आहे. ते ओलं ठेवणं ही रोजची जबाबदारी आहे. मद्यार्कावर आधारलेले, ग्लायॉक्सलवर आधारलेले पर्याय निघाले आहेत. माझं मत विचाराल तर ते वापरून पाहायला हरकत नाही, पण प्रयोगशाळेने आपल्या सगळ्या तपासण्या त्या द्रावणावर नव्याने पारखून घेतल्याशिवाय नव्हे. आमचे डोळे आणि बाजारातली जवळजवळ सगळी प्रतिपिंडं फॉर्मेलिनवर घडलेली आहेत. तोवर खोलीतली हवा खेचून बाहेर टाकणारी सोय, घट्ट झाकणाच्या बरण्या, हातमोजे आणि चष्मा, एवढं तरी तंत्रज्ञाला मिळालंच पाहिजे. तो तंत्रज्ञ बरेचदा कंत्राटी असतो आणि तक्रार करायला घाबरतो. त्याच्या वतीने मी ही मागणी इथे जाहीरपणे करते आहे.

शेवटी काही विनंत्या. सिस्टर आणि ब्रदर मंडळींना: डबीवर नाव लिहिता तशी तुकडा काढल्याची आणि बुडवल्याची वेळ लिहा. डबीच्या झाकणावर लिहू नका, अंगावर लिहा, झाकणं बदलतात. साधं पाणी घालू नका, स्पिरिट घालू नका, कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवू नका. नातेवाइकांना: डबी हातात घेताना विचारा, आत काय घातलं आहे आणि जंतूंच्या तपासणीसाठी वेगळा तुकडा काढला आहे का. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.

आणि माझ्या सर्जन मित्रांना, हात जोडून: मानेतली गाठ असो, मूत्रपिंड असो, स्नायू असो, स्तन असो, उद्या सकाळी सुरी हातात घेण्याआधी तुमच्या पॅथॉलॉजिस्टला एक फोन करा आणि विचारा, कशात पाठवू?